इथं सगळेच निकोला

तिनं हात उचलून मांडीवर ठेवला होता, आणि तरीही स्क्रीनवरचा बाण हलला. कोपऱ्यातून निघाला, मध्येच थांबला, मग पहिल्यांदा घरी आलेल्या माणसानं न विचारता खोल्या बघत फिरावं तसा इकडून तिकडे फिरू लागला. वसीलाला आधी आपल्याच हाताची शंका आली. अलीकडे पेरं सुजतात, बोटं ऐकत नाहीत. तिनं हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. हात गप्प होता. बाण चालत होता.

"दिसतंय ना, मादाम? आता मी आत आलोय," फोनमधला तरुण आवाज फ्रेंचमध्ये म्हणाला. "तुम्ही आता काही करायचं नाही. कशाला हात लावू नका, फोन ठेवू नका. मी आहे."

मी आहे. हे तिनं स्वतः किती जणांना म्हटलं असेल. समुद्रकाठच्या हम्माम-लिफ गावात स्टेशनसमोर तिची फार्मसी होती, उभं आयुष्य त्या काउंटरमागे गेलं. पोराचा ताप उतरत नाही म्हणून डोळे सुजवून आलेल्या आया, नुकतीच साखर निघाल्यानं हादरलेले म्हातारे, आणि गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवत ती म्हणायची, घाबरू नका, मी आहे. अर्धं औषध त्या आवाजातच असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता कुणीतरी तेच औषध तिला पाजत होतं आणि ती निमूट गिळत होती. त्या वेळी हे तिच्या ध्यानात आलं नाही. त्या वेळी तिला नुसतं बरं वाटलं. छाती जरा मोकळी झाली. पुढे कितीतरी दिवस तिला राग यायचा तो त्या बरं वाटण्याचा.

झालं होतं एवढंच, की दुपारची झोप झाल्यावर ती कॉफी घेऊन कॉम्प्युटरपुढे बसली होती. कॉम्प्युटर हबीबाचा, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा. हबीबाची मुलगी रीम फ्रान्समध्ये ल्योनला असते. मागच्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिनं फ्रान्सचे चॅनल दिसावेत म्हणून त्यात काहीतरी बसवून दिलं. "खाल्ती, आता याला वाटतं तू ल्योनमध्येच राहतेस," असं मावशीला म्हणून हसली होती. फोनमध्येही तिथला नंबर घालून दिला, म्हणजे मावशी-भाचीचं बोलणं फुकटात होईल. तर वसीला बागकामाचा एक कार्यक्रम शोधत होती, कुठल्याशा चौकटीवर तिचं बोट पडलं, आणि स्क्रीन लालभडक झाली. भोंगा वाजायला लागला. युद्धात वाजतो तसा, चढणारा, उतरणारा. एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात बजावत होती की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, बंद करू नका, बंद केलात तर सगळं नष्ट होईल, ताबडतोब खालच्या नंबरावर फोन करा. वर जगभर माहीत असलेल्या कंपनीचं चिन्ह. खाली नंबर. वसीलानं कळा दाबून पाहिल्या, काही जाईना. कॉफी बशीत सांडली. भोंग्यापुढे डोकं चालत नाही, आणि डोकं चालू नये म्हणूनच तो भोंगा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? रीम काहीतरी बोलली होती बहुतेक, आणि आपण म्हणालो होतो, मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?

तिनं तो नंबर लावला. फोनवरच्यानं आपलं नाव निकोला सांगितलं. सुरक्षा विभाग, पॅरिस. त्याचं फ्रेंच सफाईदार होतं, जरा जास्तच, इस्त्री केलेल्या शर्टासारखं. त्यानं तिला एक छोटा प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला, त्यात आलेला आकडा वाचून दाखवायला लावला, आणि तो आत आला. मग त्यानं एक खिडकी उघडली, त्यात लाल फुल्यांची रांगच्या रांग. "बघा मादाम, एवढे लोक तुमच्यात शिरलेत." नंतर तिला कळलं की या फुल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतात, काही बिघडलेलं नसतं, माणसाच्या अंगावर तीळ असावेत तशा. पण एखाद्या भोळ्या माणसाला त्याचेच तीळ दाखवून कर्करोग आहे म्हणून सांगितलं तर? असं करणाऱ्या एका वैदूला तिनं एकदा भर चौकात झाडलं होतं. त्याच्या मलमाच्या डब्या गटारात ओतल्या होत्या.

"आता जन्मभराचं संरक्षण बसवून देतो," निकोला म्हणाला. "तुमचं बँकेचं कार्ड हाताशी आहे ना? आणि बँकेचं पान उघडा, चोर तिथपर्यंत पोचलेत का ते माझ्यासमोरच बघून घेऊ."

पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. तिनं चेन उघडली आणि का कोण जाणे, तिथंच थांबली. "मी आधी माझ्या भाचीला विचारते," ती म्हणाली.

"नको." आवाजातली इस्त्री क्षणभर मोडली. "मादाम, तुम्ही कुणाशीही बोललात तर चोरांना समजेल. तुमची भाची या लाइनवर सुरक्षित नाही. आपल्याकडे वेळ नाहीये." आणि बाण निघाला. बँकेकडे गेला नाही. चौकटींवरून घसरत घसरत तो एका फोल्डरवर जाऊन थांबला. त्यावर लिहिलं होतं: हबीबा.

त्यात हबीबाचा आवाज होता. शेवटच्या वर्षात अंथरुणावरून उठवत नव्हतं तेव्हा ती या खोलीतून त्या खोलीतल्या बहिणीला फोनवर आवाज पाठवायची. मीठ कमी होतं. उशी द्यायला येतेस की आता जनाज्यालाच येतेस. खिडकी लाव, समुद्राचा वास येतोय. खिडकी उघड, समुद्राचा वास येत नाहीये. मध्येच कुठल्यातरी लग्नातल्या बायकांची नक्कल, मध्येच नुसतं खोकणं आणि मग "काही नाही, जा झोप". रीमनं ते सगळे फोनमधून काढून इथं ठेवले होते. वसीलानं ते पुन्हा ऐकले नव्हते. ऐकणार होती. कधीतरी, हिवाळ्यात, घरात एकटी असताना, अंगावर शाल घेऊन. तो बाण त्या नावावर टेकून उभा होता, आणि परक्या माणसानं चपला घालून बहिणीच्या पलंगावर बसावं तसं वसीलाला वाटलं.

"यात तुमच्या आठवणी आहेत वाटतं," निकोला हळुवारपणे म्हणाला. "चोर आधी हेच पुसतात, मादाम. पटकन कार्ड काढा. हे गेलं तर मलाही आणता येणार नाही."

तिनं कार्ड काढलं. कार्ड हातात होतं तेव्हा खिडकीतून अजान आली, दुपार कलतानाची. आणि किंचित मागून, एखादा शब्द रेंगाळावा तशी, तीच अजान फोनमधून आली. तिला आधी वाटलं खिडकीतलाच आवाज फोनमध्ये घुमतोय. पण फोनमधला मोठा होता. अजान देणाऱ्या शेख मोख्तारला दमा आहे. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथं जगातला कुठलाच मुअज्जिन थांबत नाही, तिथं तो थांबतो, कारण छाती पुरत नाही. एक शिट्टीसारखा श्वास घेतो आणि पुढचं म्हणतो. तोंडात पंप कसा धरायचा, कळ दाबल्यावर मनात किती मोजायचं, हे त्याला वसीलानंच शिकवलं होतं. तो श्वास खिडकीतून आला. मग पॅरिसच्या सुरक्षा विभागातून आला.

ती फ्रेंच बोलायची थांबली. "तू कुठून बोलतोयस रे?" तिनं आपल्या अरबी बोलीत, गल्लीत विचारावं तसं विचारलं.

पलीकडून फक्त शेख मोख्तार, आणि मागे पुष्कळ माणसांची एकसारखी कुजबुज. मग बाण वेडावाकडा पळाला, खिडक्या पटापट मिटायला लागल्या. वसीला उठली, खुर्ची पडली, तिनं भिंतीजवळ जाऊन इंटरनेटच्या डब्याची वायर दोन्ही हातांनी उपटली. बाण जिथं होता तिथंच मेला. फोनही तुटला.

घरात एकदम शांत झालं आणि त्या शांततेत राग आला. तो लगेच आला नाही. आधी तिनं वायर खाली टाकली. मग मानेच्या मागे काहीतरी तापायला लागलं, तोंडात लोखंडाची चव आली, आणि ती बशीतली सांडलेली कॉफी, पडलेली खुर्ची, हातातलं कार्ड बघत उभी राहिली. कुणावर ओरडायचं? ओरडायला घरात माणूस हवा. हबीबा असती तर म्हणाली असती, जाऊ दे गं, वाचलीस ना. सगळे तेच म्हणणार होते. पुढे रीमनं तेच म्हटलं, पैसे तर गेले नाहीत ना खाल्ती, सुटलो. बँकेतली मुलगीही तेच म्हणाली, आणि तिनं कार्ड बदलून दिलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं तो प्रोग्राम शोधून उपटून टाकला, सगळी मशीन धुऊनपुसून दिली, आणि हबीबाचे आवाज जसेच्या तसे निघाले, एकही गेला नव्हता. तरीही ती ते ऐकू शकली नाही. हिवाळा आला आणि गेला. फोल्डर उघडायला गेलं की तो बाण दिसायचा, नावावर टेकलेला. पैसे गेले नाहीत म्हणजे काय गेलं नाही? घरात साप फिरून गेला, कुणाला चावला नाही, तर त्या घरात झोप लागते का?

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तिनं कार्ड पर्समध्ये टाकलं, घरातल्या सपाता तशाच पायात ठेवून ती जिना उतरली. फोनमध्ये अजान खिडकीतल्यापेक्षा मोठी होती, म्हणजे मशिदीला लागून. मशिदीला लागून एका बाजूला बेकरी आणि दुसऱ्या बाजूला फर्निचरचं दुकान. फर्निचरच्या दुकानावर मागच्या वर्षी निळ्या काचांचं ऑफिस झालं होतं. कॉल सेंटर. सकाळी ब्रेड आणायला जाताना ती बघायची, पायऱ्यांवर पोरंपोरी कॉफीचे कप घेऊन हसतखिदळत बसलेली असायची, गळ्यात ओळखपत्रं. तिनं मनात म्हटलंही होतं, चला, आपल्या गावातल्या पोरांना काम मिळालं. समुद्रावर बसून चोरून पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट बघण्यापेक्षा बरं. चालता चालता हे तिला आठवलं आणि चाल आणखी वाढली. आपण त्यांना बघून हसायचो. एकदा एका पोरीला उन्हात बसलेली बघून म्हणालो, डोक्यावर काहीतरी घे गं. बूकर्नीनच्या डोंगरावर ऊन पिवळं पडलं होतं, समोरून कोण कोण आलं, कुणीतरी सलाम केला, तिनं उत्तर दिलं की नाही आठवत नाही. डोक्यात एकच आवाज वाजत होता, इस्त्री केलेला. तुमच्या आठवणी आहेत वाटतं.

पायऱ्यांवर पाचसहा जण होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, धाप लागलेली.

"निकोला कोण आहे?"

पोरं एकमेकांकडे बघून हसली. त्यातला एक, केसांना जेल चोपडलेला, म्हणाला, "कुठला निकोला, खाल्ती? इथं सगळेच निकोला."

"माझं नाव दोन महिने ज्युलियेत होतं, आता कामीय झालंय," एक पोरगी म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

एक जण हसला नाही. तो भिंतीला टेकून बसला होता, सिगारेट न पेटवता बोटांत धरलेली. वसीलाचा आवाज ऐकताच त्याचं तोंड उतरलं, आणि तो उठून उभा राहिला तेव्हा तिनं त्याला ओळखलं. पापण्या तशाच लांब, मुलीसारख्या. राद्याचा मुलगा. राद्या दर महिन्याला साखरेच्या गोळ्या न्यायला यायची, पोराला कडेवर घेऊन.

"खाल्ती वसीला," तो म्हणाला. बोलीत त्याचा आवाज वेगळाच होता, चुरगळलेला. "मी स्कंदर."

"निकोला म्हण."

"आईशप्पथ सांगतो, मला माहीत नव्हतं तुम्ही आहात ते. नंबर तिकडचा दिसत होता. कॉम्प्युटर पण ल्योनचा दाखवत होता. मी काही पुसलेलं नाही खाल्ती, पुसत नाही आम्ही, नुसतं घाबरवायला म्हणतो." तो जवळ आला, आवाज खाली आणला. "आपल्या माणसांना नाही करत आम्ही हे. कधीच नाही. इथला नियमच आहे. चुकून आपलं कुणी लागलं तर फोन कट करायचा, माफी मागायची."

बाकीच्यांनी माना हलवल्या. आता कुणी हसत नव्हतं. जेलवाला उठला, त्यानं तिला बसायला जागा करून दिली, पोरगी म्हणाली, पाणी आणू का खाल्ती. त्यांचे चेहरे खरंच वाईट वाटल्यासारखे झाले होते. आणि वसीलाला पुन्हा तसंच वाटलं, छाती जरा मोकळी झाल्यासारखं. आपण यांच्यातल्या. आपल्याला हे लागू नाही. चुकून झालं. ती उबदार लाट आली आणि तिच्या पाठोपाठ अशी किळस आली की तिनं पायऱ्यांचा कठडा धरला.

"मग कुणाला करता?"

"तिकडच्यांना." स्कंदरला प्रश्न सोपा वाटला. "त्यांचं काय जातं, खाल्ती? त्यांची बँक भरून देते. आणि इथं राज्य केलं तेव्हा त्यांनी आपलं कमी नेलंय का? मी तीनदा व्हिसाला गेलो, तिन्ही वेळा काचेच्या पलीकडून कागद असा ढकलला माझ्या अंगावर, असा, कुत्र्याला हाड टाकावं तसा."

"तो कागद ढकलणारा लागतो तुला फोनवर?"

"म्हणजे?"

"तो लागतो का? की म्हातारी लागते एखादी, भोंगा ऐकून कापणारी?"

त्यानं न पेटवलेली सिगारेट खिशात घातली.

"माझी रीम तिकडचीच आहे आता. तिचा नंबर तिकडचा. ती लागली तर कट करशील? कामावरून थकून आली, भोंगा वाजला, घाबरली, फ्रेंचमध्ये बोलली. तुला कसं कळणार ती आपली? तिच्या शेजारी एक बाई आहे, गुडघे गेलेत तिचे, रीमला उशीर झाला की तिच्या पोरीला जेवू घालते. ती नाही आपली. तिला कर."

"तुम्ही चिडल्या आहात, खाल्ती."

"हो, चिडलेय. तुझा हात माझ्या बहिणीवर होता."

तो काहीतरी म्हणाला, पोट, भाडं, आईची औषधं, दुसरं काम दाखवा आणि सोडतो असं काहीतरी. त्यात खोटं काही नसावं. राद्याच्या औषधांच्या किमती वसीलाला माहीत होत्या. पण त्या क्षणी तिला समजून घ्यायचं नव्हतं. आयुष्यभर समजून घेतलं, काउंटरच्या दोन्ही बाजूंनी समजून घेतलं, आणि समजून घेऊन घेऊन बोटं अशी सुजली. तिनं त्याला बाजूला सारलं आणि ती पायऱ्या चढायला लागली. "खाल्ती, वर नका जाऊ. खाल्ती, ऐका माझं. कुणीतरी धरा रे." पण धरायला कुणी पुढे झालं नाही. लहानपणी ज्या बाईनं चिमट्यात नाक धरून औषध पाजलं तिच्या दंडाला हात कोण घालणार?

गुडघे कुरकुरत होते. वरचं दार उकाड्यामुळे खुर्ची लावून उघडंच ठेवलेलं होतं. आत लांबच लांब खोली, टेबलांच्या रांगा, आणि प्रत्येक टेबलाशी एक पोरगं, कानावर यंत्र, तोंडापुढे काडी. कुजबुज. हीच ती, फोनमध्ये मागे ऐकलेली. जवळून ऐकली तर तिच्यात शब्द होते. घाबरू नका मादाम. मी आहे मस्यू. फोन ठेवू नका. कुणाला सांगू नका. डावीकडची एक मुलगी इतक्या मायेनं बोलत होती की तिचे डोळेसुद्धा ओले वाटत होते, आणि त्याच वेळी ती आपल्या एका हाताची नखं बघत होती. खोलीभर तो आवाज पसरला होता, आजाऱ्याच्या उशाशी बसून काढतात तसा, वसीलाचा आवाज, तिच्या काउंटरचा आवाज, चोरून आणून सगळ्यांच्या तोंडात बसवलेला. तिच्या डोळ्यांपुढे लाल झालं.

एक दाढी कोरलेला माणूस काचेच्या खोलीतून बाहेर आला. "मादाम, हे खासगी ऑफिस आहे. काय काम आहे?"

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दोन रांगांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि तिनं छाती भरून फ्रेंचमध्ये आरोळी ठोकली.

"ऐका! फोनवर जे कुणी आहात ते सगळे ऐका! तुमच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही! हे सगळे खोटे आहेत! कुठलीही कंपनी स्क्रीनवर नंबर टाकून भोंगा वाजवत नाही! यांना आत घेऊ नका, कार्ड काढू नका, बँक उघडू नका! ते घाबरवतात, कारण घाबरलेला माणूस विचार करत नाही! फोन ठेवा! तुमच्या मुलांना विचारा, शेजाऱ्याला विचारा, कार्डाच्या मागे नंबर असतो त्यावर बँकेला विचारा! ठेवा फोन, ठेवा!"

कुजबुज तुटली. पोरांनी काड्यांवर हात झाकले, पण उशीर झाला होता, प्रत्येक यंत्रातून तिचा आवाज पलीकडे गेला होता. "लाइन कापा! सगळ्यांनी लाइन कापा!" दाढीवाला ओरडला. कुणी कापल्या, कुणी गोंधळून नुसतेच उभे राहिले. त्यानं वसीलाचा दंड धरला, स्कंदर मागून धावत आला आणि त्यानं दाढीवाल्याचा हात धरला, "हात नाही लावायचा तिला," आणि ते दोघं एकमेकांना ढकलत टेबलावर आपटले. नखं बघणारी मुलगी यंत्र टेबलावर फेकून भिंतीशी जाऊन उभी राहिली होती. त्या यंत्रातून बारीक आवाज येत होता. वसीलानं ते उचललं, कानाशी धरलं.

"हॅलो? मादमोझेल? हॅलो?" म्हातारी बाई. दूर कुठंतरी, मागे भोंगा वाजतोय. "कोण ओरडलं? तुम्ही आहात ना अजून? तो बाण थांबलाय माझ्या फोटोंवर. आता मी काय करू?"

"भिंतीतली वायर काढा," वसीला म्हणाली.

"कुठली? इथं दोन आहेत. एक पांढरी, एक काळी. माझ्या मुलानं सांगितलंय काळीला हात लावायचा नाही."

"दोन्ही!" वसीला किंचाळली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायला सवड नव्हती. "दोन्ही उपटा, मादाम! जोर लावा! उपटा म्हणते ना!"

पलीकडे खुर्ची सरकली. काहीतरी पडून फुटलं. म्हातारीची धाप ऐकू आली, एकदा, दोनदा, मग कण्हून लावलेला जोर, आणि लाइन बंद झाली.